सोलापुरात सेलाजिनेला दर उन्हाळ्यात का करपतो आणि तो कसा टिकवायचा

तक्रार दर वर्षी तीच. गड्ड्याची जत्रा उरकते, महाशिवरात्रीला थंडी शिव-शिव करत निघून जाते, आणि दिवाळीत कुंडीभर मखमलीसारखा पसरलेला सेलाजिनेला टोकांकडून तपकिरी पडायला लागतो. मग पाणी वाढवलं जातं. टोकं कुरकुरीत व्हायची थांबत नाहीत, उलट बुडाशी काळपट, चिकट लगदा होतो. मार्च संपेपर्यंत कुंडीत वाळलेल्या जाळीशिवाय काही उरत नाही. पावसाळ्यात नवं रोप आणलं जातं आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बहुतेक वेळा दोष पाण्याच्या कमतरतेचा नसतो. या झाडाचं अंग कसं आहे हे न बघता त्याला मनीप्लांटसारखं वागवलं जातं, तिथे घोटाळा होतो. पान किती पातळ, मूळ कुठून निघतं, खोड कुठे तुटतं, एवढं एकदा नीट बघितलं की प्रत्येक लक्षणाचं कारण सापडतं. म्हणून उपायांच्या आधी झाडाची ओळख.

हातात आहे ते नेमकं काय आहे

नर्सरीत याला मॉस फर्न, गोल्डन मॉस, पीकॉक फर्न असं काहीही म्हणतात. हा मॉसही नाही आणि फर्नही नाही. मॉसला खरी मुळं नसतात आणि पाणी वर चढवणाऱ्या पक्क्या नळ्याही नसतात. याला दोन्ही आहेत. फर्नच्या पानात शिरांना फाटे फुटतात. याच्या पानात एकच शीर, तीही शेवटपर्यंत न फुटलेली. हे क्लबमॉसच्या गोतातलं झाड. फुलं नाहीत, बी नाही, बीजाणूंवर वंश चालतो.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग सोलापुरात बऱ्याच घरांत पडून असतं, तेही चालेल. पाच सेंटिमीटरची फांदी कापून पांढऱ्या कागदावर ठेवा. वरून पानांच्या चार ओळी दिसतील. बाजूच्या दोन ओळींतली पानं मोठी, साधारण दोन ते चार मिलिमीटरची, आडवी पसरलेली. मधल्या दोन ओळींतली पानं त्याहून बरीच लहान, खोडाला चिकटून, वेणी घातल्यासारखी. फांदी उलटी केली की फक्त मोठ्या पानांच्या दोन ओळी आणि मधे उघडं खोड दिसतं. अशी लहान-मोठी पानं आणि चपटी फांदी दिसली की तो सेलाजिनेला. अगदी कोवळ्या पानाच्या वरच्या अंगाला, देठाशी, एक पारदर्शक बारीक जिभलीही असते. ती लवकर सुकते, त्यामुळे जुन्या पानावर शोधत बसू नका.

आता फांदी जिथे दुभंगते ती जागा बघा. खोड दर वेळी दोन भागांत फुटतं, आणि त्या दुबेळक्यातून एक फिकट, बिनपानाची तार खाली झेपावते. हा रायझोफोर. ती वाळलेली काडी नव्हे, आणि नुसतं मूळही नव्हे. ती ओल्या मातीला टेकली की तिच्या टोकातून मुळं फुटतात. ही तार लक्षात ठेवा. पुढे अर्धी दुरुस्ती तिच्याभोवतीच आहे.

सोलापुरातल्या घरांत बहुधा तीनपैकी एक जात सापडते.

क्रॉसियाना ही मूळची आफ्रिकेतली. जमिनीलगत सरपटते, उंची दोन ते पाच सेंटिमीटर, रंग पोपटी किंवा सोनेरी पिवळा. खोडावर फाट्यांच्या खाली सांध्यासारखा किंचित फुगवटा असतो आणि झाड कोरडं पडलं की नेमकं तिथेच तुटतं. हिचा रायझोफोर दुबेळक्याच्या वरच्या अंगाने निघून वळसा घेत खाली जातो, हीच पक्की खूण. ब्राउनी नावाचा प्रकार पसरत नाही, उशीसारखा गोळा होऊन बसतो.

अन्सिनाटा चीनमधली. लांब, लोळणाऱ्या फांद्या आणि पानावर मोरपंखी निळी झाक.

तिसरी ब्रायोप्टेरिस, जी 'संजीवनी' म्हणून जत्रेत आणि पूजेच्या सामानाच्या दुकानांत वाळलेल्या मुठीसारखी मिळते. हिची वागणूक वरच्या दोघींच्या अगदी उलट आहे आणि सगळ्यात मोठा गैरसमज तिच्यामुळेच होतो.

खरा क्लबमॉस, म्हणजे लायकोपोडियम, यात धरलेला नाही. त्याची पानं सगळी सारखी, सुईसारखी, खोडाभोवती चहूबाजूंनी. क्लॅव्हॅटम जातीत प्रत्येक पानाच्या टोकाला पांढरा केस. त्याला जिभली नसते, रायझोफोर नसतो, आणि बीजाणूंचे दंडगोल शंकू उंच दांड्यावर येतात. हिमालय, निलगिरी अशा थंड, ओल्या डोंगरांवर तो मीटरभर सरपटतो. मातीतल्या बुरशीशी त्याची भागीदारी असते, त्यामुळे उपटून आणलेलं रोप कुंडीत सहसा जगत नाही. कुणी 'खरा क्लबमॉस' म्हणून विकत असेल तर सोलापुरासाठी तो घेऊच नका, हे आमचं स्पष्ट मत.

माती ओली, तरी टोकं तपकिरी

हीच मुख्य तक्रार, म्हणून हिला जास्त जागा.

क्रॉसियाना आणि अन्सिनाटाचं पान पेशींच्या मोजक्या थरांचं असतं आणि त्यावरचा मेणाचा थर फारच पातळ. कडुलिंबाचं पान कोरड्या हवेत स्वतःला बंद करून घेतं; याच्याकडे बंद करायला धड दारच नाही. शिवाय प्रत्येक पानात एकच शीर, खोड दोऱ्याएवढं, मुळं वरच्या दोन-तीन इंचांत. म्हणजे पानातून पाणी झपाट्याने जातं आणि खालून येण्याची वाट अरुंद. माती चिखल झाली तरी टोकापर्यंत पाणी वेळेत पोचत नाही.

आकड्यांत बघा. २७ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता या झाडाला मानवते. एप्रिलच्या दुपारी सोलापुरात ४० अंश आणि २० टक्के ही काही अपवादाची स्थिती नाही. या दुसऱ्या हवेची पाणी शोषून घेण्याची ओढ पहिलीच्या सहापटीहून जास्त असते. कुंडीत दुप्पट पाणी घालून ही सहापट ओढ भागत नाही, मुळं मात्र बुडतात.

खात्री करायची असेल तर डिजिटल आर्द्रतामापक पानांच्या उंचीवर ठेवा आणि दुपारी तीनचा आकडा बघा. सकाळचा आकडा फसवा असतो. तीन वाजता ५० टक्क्यांच्या खाली असेल तर उघड्या कुंडीत हे झाड टिकणार नाही. ६० च्या वर असेल तर टोकं करपण्याचं कारण दुसरं काही आहे. पाण्याचा भाग वाचा.

फवाऱ्याच्या बाटलीने दिवसातून चारदा पाणी मारणं हा सर्वांचा लाडका आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. आपल्या हवेत तो ओलावा काही मिनिटांत उडतो आणि मागे क्षारांचा थेंबाएवढा डाग राहतो. खडे आणि पाण्याची थाळी कुंडीखाली ठेवण्याचंही तेच. बंद खोलीत थोडा फरक पडतो, गॅलरीत काही नाही. एसीची खोली थंड असली तरी कोरडी असते. मे महिन्यात कूलर चालणारी खोली या झाडासाठी एसीच्या खोलीपेक्षा बरी, फक्त झोत थेट अंगावर नको. कूलरच्या बाजूला दोन मीटर अंतर ठेवा.

उपाय एकच आहे, हवा कोंडणं. दोन पद्धती चालतात.

पहिली, काचेची पेटी. मासे ठेवायची जुनी दोन फुटी टाकी उत्तम. गळकी असेल तर स्वस्तात मिळते आणि इथे चालून जाते. ६० बाय ३० सेंटिमीटर तळाला सात सेंटिमीटर माध्यम, म्हणजे झाड लावायचं मिश्रण, घालायचं तर साधारण साडेबारा लिटर लागतं. त्याखाली धुतलेल्या बारीक खडीचा दोन-तीन सेंटिमीटर थर आणि त्यावर शेडनेटचा तुकडा, म्हणजे माध्यम खाली झिरपत नाही. खडी आणि वाळू घालण्याआधी थोडी वाटीत घेऊन व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुना आहे, ती नको. आपल्या काळ्या दगडात पांढऱ्या चुनखडी खनिजाचे तुकडे हमखास असतात, त्यामुळे ही चाचणी टाळू नका.

माध्यमाचं प्रमाण: कोकोपीट सहा लिटर, कुजून काळं झालेलं पालापाचोळ्याचं खत तीन लिटर, जाड वाळू किंवा परलाइट तीन लिटर, लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे अर्धा लिटर. काळी माती अजिबात नाही. ती भिजली की आवळते, सुकली की भेगाळते, आणि दोऱ्याएवढी मुळं त्यात तुटतात. शेणखतही नको. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजवून आठ-नऊ लिटर होते. ती तीन वेळा भिजवून, पिळून, पाणी फेकून द्या, कारण न धुतलेल्या विटेत मीठ असतं आणि तेच पुढे पानांच्या टोकाला दिसतं.

रोपं लावून झाल्यावर दीड लिटर पाणी कडेकडेने, सावकाश सोडा. वर काच ठेवा, एका कडेला बोटभर फट. दुसऱ्या दिवसापासून काचच सांगेल. सकाळी काचेच्या पाव ते तिसऱ्या भागावर धुकं आणि दुपारपर्यंत साफ, हे बरोबर. दिवसभर थेंब ओघळत असतील तर दोन तास काच काढून ठेवा. सकाळीही काच कोरडी असेल तर १०० मिलीलिटर पाणी घाला, त्याहून जास्त एकदम नको. नीट बसलेली पेटी दोन-तीन आठवडे पाणी मागत नाही.

पेटी कधीही उन्हात ठेवू नका, कोवळ्या उन्हातही नाही. बंद काचेत तापमान इतकं चढतं की झाड अक्षरशः वाफवून निघतं. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून मीटर-दीड मीटर आत. खोली अंधारी असेल तर २० वॉटची एलईडी ट्यूब पानांपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर, दिवसाला दहा-अकरा तास.

दुसरी पद्धत माठाची, आणि कोरड्या सोलापुरात ती छान चालते. ३० सेंटिमीटर तोंडाची साधी मातीची कुंडी घ्या, आत विटेच्या तुकड्यावर २० सेंटिमीटरची प्लॅस्टिकची कुंडी ठेवा, मधल्या जागेत वाळू भरा आणि ती वाळू रोज ओली करा. बाहेरची कुंडी माठासारखी गार होते; आतली माती खोलीपेक्षा चार-पाच अंश सहज खाली राहते. वाळूला साधं बोअरचं पाणी चालतं, कारण आतली कुंडी विटेवर असल्याने ते मुळांपर्यंत जात नाही. वरून पारदर्शक बरणी उपडी झाकायची, तळाशी पेन्सिलीएवढी फट ठेवून. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली राहणाऱ्यांनी पेटीपेक्षा हीच पद्धत निवडावी. तिथे काचेच्या पेटीत ओल टिकते, पण उष्णता जात नाही, आणि ३५ अंशांच्या वर ओल असूनही हे झाड खचतं.

पानांवर पांढरी पुटं, नवी पालवी पिवळट

हे पाणी. बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं हे कुकरच्या तळाला बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून कुणालाही माहीत आहे. नळाचं पाणी काही दिवसांआड येत असल्याने पिंपात साठून राहतं, तेवढ्यात त्यातला क्लोरीन बहुतांश उडून जातो. क्षार मात्र उडत नाहीत, उलट पाणी उडून दाटतात. या झाडाला साधारण साडेपाच ते साडेसहा पीएचची, किंचित आंबट माती लागते. जड पाणी महिनाभर घातलं की मातीचा पीएच चढतो, लोह मुळांना मिळेनासं होतं आणि नवी पानं पिवळी पडतात. क्रॉसियानाचा सोनेरी प्रकार मुळातच पिवळा असतो, तिथे फसू नका: आजाराचा पिवळेपणा निस्तेज, फिकट असतो आणि पानाचा आकारही लहान होत जातो.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन थोड्या पैशांत मिळतं. १५० च्या खाली असेल तर पाणी निर्धास्त घाला. २५० पर्यंत असेल तर एकाआड एक वेळा चांगल्या पाण्यासोबत. ४०० च्या वर असेल तर घालूच नका.

चांगलं पाणी तीन ठिकाणी मिळतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं, मात्र सर्व्हिसिंगनंतर पहिले दोन दिवस फेकून द्या, कारण त्यात धुण्याचं रसायन असतं. आरओचं गाळलेलं, आरओने बाहेर टाकलेलं नव्हे, त्यात क्षार मुळापेक्षा जास्त असतात. आणि पावसाचं, जे सर्वांत उत्तम. सॉफ्टनरचं पाणी मऊ लागतं, पण त्यात चुन्याच्या जागी सोडियम आलेलं असतं, ते झाडाला वाईटच. काहीच नसेल तर पाणी दहा मिनिटं उकळा, रात्रभर निवू द्या आणि तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं ओता. जडपणाचा काही भाग त्याने उतरतो.

पावसाचं पाणी किती साठवायचं याचा हिशोब सोपा. १५ सेंटिमीटरच्या उघड्या कुंडीला दोन दिवसांनी २०० मिलीलिटर, म्हणजे महिन्याला तीन लिटर. अशा चार कुंड्या, मार्च ते जून चार महिने, म्हणजे ४८ लिटर. ५० लिटरचं एक पिंप भागवतं. पेटीत झाडं असतील तर त्याच्या चौथाईतही भागेल. पावसाची पहिली दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या, गच्चीची धूळ तेवढ्यात धुऊन जाते. पिंप अंधारात, आणि तोंडावर दाट कापड घट्ट बांधलेलं. डासांचा विषय आहे, यात हयगय नको.

आधीच बसलेली पुटं पुसू नका, पान फाटतं. कुंडी चांगल्या पाण्याने तीन वेळा भरभरून निथळवा आणि पुढच्या पालवीची वाट बघा.

बुडाशी काळं, कुबट वास

हवेच्या कोरडेपणावर पाणी ओतण्याचं हे फळ. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली रोपं यात आधी जातात, कारण कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं. बोट दोन सेंटिमीटर खुपसून बघा, मगच पाणी घाला. काळा पडलेला भाग परत हिरवा होत नाही. तो कापून टाका, बाकीच्या फांद्या नव्या माध्यमात लावा, जुनं माध्यम पुन्हा वापरू नका. कुंडीवर बारीक काळ्या माश्या उडत असतील तर तेही याच ओलीचं लक्षण आहे. वरचा एक सेंटिमीटर थर बदलून त्यावर जाड वाळू पसरली की त्या कमी होतात. निंबोळी तेल मारू नका. पातळ पानावर तेलाचा थर बसला की डाग पडून पान मरतं, आणि कीड बहुधा तशीच राहते.

तारा हवेत लोंबकळतात

मध्ये हिरवं, टोकाला सुकलेलं, फांद्या उचललेल्या आणि त्यांच्याखाली फिकट तारा लटकलेल्या, असं चित्र दिसलं की ते रायझोफोरचं दुखणं. लांब गेलेली फांदी फक्त मूळच्या मुळांच्या भरवशावर जगू शकत नाही. तिला वाटेत दर फाट्याला जमीन टेकायला हवी. कुंडी अरुंद असेल, फांदी काठावरून बाहेर गेली असेल किंवा वरचा थर सुका असेल तर तारेचं टोक हवेतच वाळतं आणि त्यापुढची फांदी उपाशी मरते. त्यात पुष्कळ जण या तारा 'वाळकी मुळं' समजून कात्रीने साफ करतात. म्हणजे नळ तोडून मग पाणी का येत नाही असं विचारण्यासारखं.

कुंडी उथळ आणि रुंद घ्या: खोली सात ते दहा सेंटिमीटर, तोंड २० ते २५. फांदी हलक्या हाताने खाली दाबून दुबेळक्याच्या अलीकडे यू आकाराची पिन खोचा; केसांची पिन किंवा वाकवलेली तांब्याची तार चालते. दाबताना बोट सांध्यावर नको, क्रॉसियाना तिथेच तुटते. तारेच्या टोकावर पाच मिलिमीटर माध्यम भुरभुरवा. ओल राहिली तर तीन-चार आठवड्यांत फांदी पक्की बसते. हलकेच ओढून बघा, अडकली की पिन काढा. अन्सिनाटा टांगत्या कुंडीत सुंदर दिसते खरी, पण लोंबणाऱ्या फांदीला टेकायला जागाच नसते. आपल्या हवेत तिला टांगू नये.

जे बिघाड वाटतात पण नाहीत, आणि काही किरकोळ

फांद्यांची टोकं अचानक निमुळती, चौकोनी, दाट पानांची झाली की तो रोग नाही. ते बीजाणूंचे शंकू आहेत. सेलाजिनेलात दोन आकारांचे बीजाणू होतात: मोठे एका पिशवीत सहसा चार, लहान शेकड्यांनी. पिकले की शंकू पिवळट-तपकिरी होतात. घरच्या लागवडीत त्यांचा उपयोग नाही, नको असतील तर खुडून टाका.

अन्सिनाटाची निळी झाक रंगद्रव्याची नसते. पानाच्या वरच्या पेशीभित्तीतल्या पातळ थरांवरून प्रकाश परावर्तित होताना ती दिसते, साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तशी. पान ओलं झालं की ती झाक तात्पुरती जाते. सुकलं की परत येते. कायमची गेली असेल तर उजेड जास्त होतोय, कुंडी आत सरकवा. उलट पानं विरळ, फांद्या लांबुडक्या, रंग फिका असेल तर उजेड कमी आहे.

खत अगदी थोडं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, सहा आठवड्यांतून एकदा, जुलै ते डिसेंबर. मार्च ते जून खताचं नावही नको.

बंद पेटीत राखाडी बुरशीचा कापसासारखा पुंजका दिसला तर तेवढा भाग आजूबाजूच्या दोन सेंटिमीटरसह कापा आणि आठवडाभर रोज दोन तास काच उघडी ठेवा.

भिजवलं तरी उमललं नाही

वाळलेली 'संजीवनी' पाण्यात टाकली की तासाभरात उघडते, हे मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे करपलेला क्रॉसियानाही बादलीत बुडवून ठेवला जातो. त्याने काही होत नाही. ब्रायोप्टेरिसच्या पेशी जवळजवळ सगळं पाणी गमावूनही शाबूत राहतात. वाळताना फांद्या आत वळून मूठ होते आणि पानांची नाजूक बाजू झाकली जाते. मेक्सिकोकडच्या वाळवंटातली लेपिडोफायलाही तशीच. क्रॉसियाना, अन्सिनाटाला हे जमत नाही. त्यांचं कुरकुरीत झालेलं पान मेलेलंच असतं.

मूठ उघडणं हेसुद्धा जिवंतपणाचं लक्षण नव्हे, हे विकत घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. ती हालचाल फांदीच्या धाग्यांनी पाणी शोषल्यामुळे होते, आणि मेलेलं रोपही तितक्याच ऐटीत उमलतं. जिवंत असेल तर एक-दोन दिवसांत आतली पानं हिरवी दिसायला लागतात. तपकिरीच राहिलं आणि पाण्याला वास आला तर तो शोभेचा वाळका गोळा आहे. ही झाडं बहुतेक रानातून उपटूनच आणलेली असतात, म्हणून आमच्या मते ती घेऊ नयेतच. सह्याद्रीत पावसाळ्यात दगडांवर दिसणारे सेलाजिनेलाही आणू नका. त्यांतल्या काही जाती पावसापुरत्याच असतात आणि कुंडीत दसऱ्यापर्यंतही पोचत नाहीत.

करपलेल्या कुंडीतून काय वाचवता येतं

घाईने सगळं उपटू नका. धारदार कात्रीने कुरकुरीत भाग हिरव्यापर्यंत मागे कापा. खोड नखाने किंचित खरवडून बघा, आत हिरवट, ओलसर असेल तर ते अजून जिवंत आहे. पाच ते सात सेंटिमीटरचे, निदान दोन दुबेळके असलेले तुकडे निवडा. एकही दुबेळकं नसलेला तुकडा सहसा वाया जातो, कारण रायझोफोर तिथूनच निघतो. धुतलेलं कोकोपीट आणि वाळू समप्रमाणात मिसळून पसरट डब्यात तीन सेंटिमीटर भरा. तुकडे उभे खोचू नका, आडवे ठेवा, मोठ्या पानांची बाजू खाली, आणि प्रत्येक दुबेळकं मातीला टेकेल असं दाबा. पारदर्शक झाकण लावा. मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा यासाठी अगदी मापाचा. उजेड हवा, ऊन नको. दोन आठवडे झाकण फक्त रोज मिनिटभर उघडा. टोकाला नवी पोपटी पानं आली म्हणजे खाली मुळं धरली. मग आठवडाभर झाकण रोज थोडं जास्त सरकवत न्या. एकदम उघडलं तर दोन दिवसांत सगळं परत करपतं.

हे काम एप्रिल-मेमध्ये करावं लागलंच तर घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीवर. एरवी जूनअखेर ते सप्टेंबर हाच काळ. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उघड्यावरची प्रत्येक कुंडी पेटीत किंवा बरणीखाली गेली पाहिजे. टोकं तपकिरी दिसल्यावर हलवली तर तोवर त्या फांद्या गेलेल्या असतात. बाहेर काढायची ती पहिल्या पावसाने नव्हे. मृगाची सर येऊन गेल्यावर चार दिवस पुन्हा कोरडं वारं सुटतं. दुपारी तीनचा आकडा सलग आठवडाभर ६० च्या वर राहिला की काच काढा.